धुळाप्पाची घासाघीस

माणसानं विश्वास ठेवावा तो कुणावर? दुकानदारावर ठेवू नका, हे मी स्वतः दुकानदार असून सांगतो. शेजाऱ्यावर ठेवाल तर त्याच्या बायकोला आधी विचारा. तुम्ही म्हणाल, आईवर ठेवावा. बरोबर आहे. पण आईनं सांगितलेलं कुठं वापरायचं, हे आई सांगत नाही. तिथंच सगळा घोळ होतो. ऐका.

एका गावात एक भोळा पोरगा होता. धुळाप्पा त्याचं नाव. गाव सोडून तो कोल्हापुरात पिठाच्या गिरणीत कामाला लागला, आणि येताना भोळेपणा बरोबर घेऊन आला. वय झालं, लग्न जमेना. मुलीकडची माणसं येत, धुळाप्पाशी चार वाक्यं बोलत, आणि चहा अर्धा टाकून जात.

मग एक दिवस गावाहून त्याची आई आली, गौराक्का. बाई मोठी धोरणी. तिनं चादरीवाल्या खोतांशी आधीच बोलून ठेवलं होतं. खोतांची मुलगी वैजयंता दुकानात बसायची. कांदेपोहे नकोत, बैठक नको. दुपारी चादर बघायला आल्यासारखं यायचं, मुलगी बघायची, मुलगीही बघेल. गौराक्का पोराला म्हणाली, "ही सोयरीक गेली तर दुसरी मी आणणार न्हाई. आता माझ्यात ताकद उरली न्हाई. मी सांगीन तसं वाग."

"बरं," धुळाप्पा म्हणाला.

दुपारला वेळ होता, म्हणून दोघं बाजारात हिंडायला निघाली. आधी भांड्यांचं दुकान. गौराक्कानं एक पितळी पातेलं हातात घेतलं, वाजवलं, तोंड वाकडं केलं. धुळाप्पा म्हणाला, "आई, असलं पातेलं मी जन्मात बघितलं न्हाई. हेच घे. दुसऱ्या कुणी नेलं तर मला झोप लागणार न्हाई."

दुकानदारानं जो भाव सांगायचा ठरवला होता, तो गिळला आणि मोठा सांगितला. मीही तेच केलं असतं.

बाहेर आल्यावर आईनं समजावलं, की आवडलेली वस्तू आवडली म्हणून सांगायची नसते. उलट तिच्यात खोड काढायची.

"बरं," धुळाप्पा म्हणाला.

पुढं कासाराचं दुकान. म्हाताऱ्या कासारानं गौराक्काचा हात हातात घेऊन हिरव्या बांगड्या भरल्या. काय सुरेख दिसत होत्या! तिनं हात पुढं करून पोराला विचारलं, कशा दिसतात?

धुळाप्पाला फार आवडल्या. म्हणून तो म्हणाला, "बांगड्या पिचक्या आहेत. आणि आत घातलेला हातपण जुना वाटतोय."

कासार म्हणाला, "बाळ, हात तुमचाच आहे. आमच्याकडं फक्त बांगड्या."

गौराक्कानं कासाराला नमस्कार केला, सांगितले तेवढे पैसे दिले, आणि पोराला दंडाला धरून बाहेर काढलं. बाहेर ती म्हणाली, बांगड्या भरणाऱ्या कासाराशी कुणी असं बोलतं का? जिथं घासाघीस करायची तिथंच करायची. आता चपला घ्यायच्यात, तिथं दुकानदार जे सांगेल त्याच्या निम्म्यानं मागायचं.

"बरं," धुळाप्पा म्हणाला.

चपलांच्या दुकानात मालकानं त्याच्या पायाकडं बघितलं आणि म्हणाला, "तुम्हाला नऊ नंबर लागेल."

"साडेचार," धुळाप्पा म्हणाला.

मालकानं पुन्हा पायाकडं बघितलं. गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही, हा आमच्या धंद्यातला नेम. त्यानं लहान मुलाची चप्पल आणून दिली. धुळाप्पाचा अंगठा आत गेला, बाकीचा पाय बाहेर राहिला. तो आईला म्हणाला, "निम्म्यात जमलं बघ."

गौराक्का तिथल्या बाकड्यावर बसली. पदरानं वारा घेतला. मग शेवटचं शहाणपण तिनं सांगितलं, की पटत नसेल तर उठायचं आणि चालू पडायचं. मागं वळायचं नाही. हाक मारली तरी थांबायचं नाही. ते जेवढ्या हाका मारतील तेवढा भाव उतरतो.

"बरं," धुळाप्पा म्हणाला.

दुपारी दोघं खोतांच्या दुकानात आली. दारावर पाटी होती, 'एकच भाव'. ती वाचून गौराक्काचा जीव भांड्यात पडला. इथं घासाघीसच नाही, तर पोरगं बिघडवणार काय?

वैजयंता गल्ल्याजवळून उठून आली. "कुठली चादर दाखवू?"

"कुठलीबी दाखवा," धुळाप्पा म्हणाला. " आम्ही चादर बघायला आलोय असं नुसतं दाखवायचंय."

वैजयंता हसली. ती हसली आणि धुळाप्पाचे कान लाल झाले. खोतांनी ते बघितलं आणि सरळच विचारलं, "पाहुणे, आडपडदा नको. मुलगी पसंत आहे का?"

पसंत तर इतकी होती की घाम फुटला. म्हणून तो खोड शोधू लागला. बराच वेळ सापडेना. शेवटी म्हणाला, "हसताना फार गोड दिसते. घरातली साखर पडून राहील."

वैजयंतानं चादरीत तोंड लपवलं. खोत खूश झाले. म्हणाले, "मुलगी बारावी झालीय."

"सहावी."

"उंची पाच फूट."

"अडीच."

गौराक्कानं चिमटा काढला. खोतांना वाटलं पाहुणे थट्टेखोर आहेत. ते म्हणाले, "लग्नाला आमच्याकडून दोनशे माणूस येईल."

"शंभर."

इथं मात्र खोत विचारात पडले. आयुष्यभर व्यापार केलेला माणूस. मांडवाचा खर्च स्वतःहून निम्मा करणारा जावई त्यांनी कधी ऐकलासुद्धा नव्हता. ते मनातल्या मनात जेवणाच्या पंगती मोजत गप्प बसले.

धुळाप्पाला वाटलं, पटत नाही. तो उठला आणि चालू पडला.

"अहो पाहुणे," खोतांनी हाक मारली. धुळाप्पा थांबला नाही. मनात म्हणाला, उतरतोय.

"अरं धुळ्या, माघारी फिर," आई ओरडली. धुळाप्पा मनात म्हणाला, आईपण काय हुशार, त्यांच्या बाजूनं हाक मारतेय.

शेवटी वैजयंता स्वतः पायरीवर आली. भर बाजारात, चारचौघांत, लाज बाजूला ठेवून तिनं हाक दिली, "अहो, थांबा. आमचा होकार आहे. बाबा शंभराला तयार आहेत."

धुळाप्पानं ते स्पष्ट ऐकलं. त्याला आनंद झाला. एवढ्यात शंभरावर आले, म्हणजे पन्नासावर नक्की येतील, असं म्हणून त्यानं पाय उचलले आणि धूम ठोकली.

वैजयंताचं लग्न पुढं इचलकरंजीला झालं, दोनशे माणसांत.

आता ही सोयरीक कुणी बुडवली, याचा हिशेब तुम्हीच मांडा. धुळाप्पाच्या नावावर जेवढं पडतं तेवढंच टाका, आईचं आईच्या नावावर टाका, आणि मंडळी, मांडताना खरं मांडा.