सगळ्यात उंच झाड

पठारावर झाडांहून उंच काहीच नव्हतं, तेव्हापासूनची वाघळांची रीत. स्थलांतराच्या वाटेत ताटातूट झाली, तर सगळ्यात उंच झाडावर भेटायचं.

यंदा एक वाघळीण लेकीला घेऊन तिन्हीसांजेला पठारावर पोचली. तिथे म्हाताऱ्या ऐनाच्या झाडापेक्षा उंच, तीन फांद्यांचं पांढरं झाड उभं होतं.

“आई, याला पानांचा वास नाही. आणि फांद्या गरगर फिरतायत.”

“वाडवडिलांहून शहाणी झालीस? तुझा बाप तिथेच वाट बघत असेल.”

“अगं बाई, ती पवनचक्की आहे!” ऐन ओरडला.

“उंचीत हरलास म्हणून जळतोस,” म्हणत आई उडाली. भेदरलेली लेक ऐनालाच बिलगून राहिली.

पहाटे वारा पडला, पाती थांबली. पायथ्याशी आई पडली होती. तिच्या शेजारी, दोन दिवस आधी आलेला बाप.