काचेवर डुगडुगणारी फ्रेम

फार पूर्वी हत्यारं बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. रेवणनाथ कारागिराने गायिका कुमुदिनीबाईंचा चेहरा मापून म्हशीच्या शिंगाची चष्म्याची एक फ्रेम घडवली. म्हाताऱ्या कानशीचा शेवटचा हात तिच्यावर फिरवला, तिला काचेच्या पाटावर ठेवलं आणि तो जेवायला गेला. तोच ती डुगडुगू लागली.

शेजारची सोन्याची फ्रेम खिदळली, “अगं, तुला तर धड बसताही येत नाही!”

शिंगाची फ्रेम रडकुंडीला आली. “कानसमावशी, माझी डावी दांडी खालून थोडी घास ना. धनी यायच्या आत मला सपाट कर.”

कानस जागची हलली नाही. “धन्यांनी काम झालं म्हणून मला खाली ठेवलंय. शिंग एकदा घासलं की परत वाढत नाही, पोरी. जीव गेला तरी मी घासायची नाही.”

“पण सगळे हसतायत मला!”

“हसू देत. तू काय काचेवर बसायला जन्मलीस?”

दुपारी बाई आल्या. लखलखाट पाहून त्यांनी आधी सोन्याची फ्रेम चढवली. ती नाकावर कलली, कारण बाईंचा डावा कान उजव्यापेक्षा जरा खाली होता. मग त्यांनी शिंगाची घातली आणि आरशासमोर थबकल्या.

“अगंबाई, आजवर एकही चष्मा माझ्या तोंडावर सरळ बसला नव्हता!”

डबीत घालण्याआधी रेवणनाथाने फ्रेम क्षणभर काचेवर ठेवली. सगळ्यांदेखत ती खुशाल डुगडुगली.