धसकटं न वेचायचं रान

पाहुणे येतात तेव्हा हमखास विचारतात, या एकाच रानात ज्वारी काढल्यावर मुळासकट उरलेली धसकटं तशीच का ठेवता? आमच्या थोरल्या सासूबाई मग त्यांना बांधावर बसवून सांगतात.

फार मागं, म्हणे, इथं पाऊस हुकला होता. या रानाचा धनी बयाजी जनावरं घेऊन लांब चाऱ्याला गेलेला. घरी सासू, बायको हौसा आणि तान्ही लेक. तशात लुटारू आले. सासूनं हौसाला लेकीसकट रानाकडेच्या रिकाम्या पेवात उतरवलं. पेव म्हणजे धान्य साठवायचं जमिनीतलं भुयार. वर दगड ठेवला, मातीनं लिंपलं.

"मी हाक मारीन तवर चूं करू नगंस."

हाक आलीच नाही. सासू वाटेतच मारली गेली, असं सांगतात.

आत काळोख. वर कोण आहे, ठाऊक नाही. हौसा लेकीचं तोंड छातीशी दाबून बसली. ओरडावं तर लुटारू, गप्प राहावं तर लेक. मग दूधही आटलं. भिंत चाचपताना भेगेत ओलसर दोरे लागले. ज्वारीची मुळं. वरची माती कोरडी पडली की ज्वारीचं मूळ आडवं पसरत नाही, ओल शोधत सरळ खाली जातं. हौसानं ती लेकीच्या ओठांना लावली. लेक चोखत राहिली. पुढं तिचं चोखणंही थांबलं.

वर बयाजी परतला होता. "लुटारूंनी नेलं रं तिला," लोक म्हणाले. तो वाळकी ज्वारी जनावरांसाठी उपटू लागला.

"दमानं, बयाजी! पाऊस न्हाई तर मुळी कुठली? फुंकरीनं निघंल," शेजारी म्हणाला.

पण ज्वारीचं एक उभं ताट निघेना. वारा नव्हता, तरी ते हललं. त्यानं ओढलं, तर खालून कुणीतरी परत ओढलं.

हौसानं चूं न करण्याचा शब्द पाळला होता. मूळ तेवढं धरलं होतं.

बयाजीनं जमिनीच्या भेगेला कान लावला. आधी काहीच नाही. मग बारीक, मांजराच्या पिल्लासारखं रडणं.

पेव उघडलं. दोघी जगल्या. पण हौसा त्यानंतर कधी दार लावून झोपली नाही, म्हणे.

आजही या रानातलं मूळ कुणी उपटत नाही. आणि वारा नसताना एखादं ताट हललं, की बाया हातातला विळा टाकतात, कडेवरच्या लेकराला गप्प करतात आणि जमिनीला कान लावतात. खाली कुणी नसतं. तरी खात्री झाल्याशिवाय एकही उठत नाही.