गाणं विसरण्याची परीक्षा

वेल्स देशातल्या गोर्विन राजाने हुकूम काढला, की म्हाताऱ्या मेदिर कवीचं गाणं साऱ्या गावाने नऊ दिवसांत विसरावं. दहाव्या दिवशी ज्याला ते आठवेल, त्याला वल्ह्यांशिवाय नावेत बसवून समुद्रात सोडलं जाईल.

गाणं राजाच्या आजोबांवर होतं. नव्व्याण्णव कडव्यांत त्यांचा पराक्रम होता. शंभराव्यात ते लढाईतून पळून डुकरांच्या खोपटात लपले होते, आणि ते खरं होतं.

तिथले कवी त्या काळी काही लिहीत नसत. गाणं तोंडात राहिलं तर राहिलं. मेदिरला ना मूल, ना शिष्य. मायेचं माणूस एकच, दरबारात लोणी काढणारी हुनिद.

दहाव्या दिवशी राजाने एकेकाला विचारलं. जो तो म्हणाला, आठवत नाही. मेदिरला मात्र खोटं बोलता येईना. तो हळूच म्हणाला, "आठवतं, महाराज. झोपेतसुद्धा आठवतं."

राजाने नाव आणायला सांगितली. तेवढ्यात हुनिद पुढे झाली.

"महाराज, मेदिरबाबा गेले तर बाकीच्यांना तपासणार कोण? विसरलो असं कुणीही म्हणेल. समोर गाणं म्हणून बघावं. ज्याचे ओठ हलतील, त्याला धरावं."

राजाला हे फार पटलं. परीक्षा सुरू झाली. एकेक माणूस समोर उभा राहायचा, ओठ दाताखाली धरायचा, आणि मेदिर त्याला शंभर कडवी ऐकवायचा. राजा डोळे वटारून ओठ बघायचा. असं सहा दिवस चाललं. परगावचे धनगर चीज विकायला आले होते, त्यांनाही रांगेत घेतलं. त्यांनी ते गाणं जन्मात ऐकलं नव्हतं. जाताना त्यांना ते पाठ होतं.

सहाव्या दिवशी, शेवटच्या माणसापुढे, शंभराव्या कडव्यात मेदिरला खोकला आला. गाणं अडलं. आणि राजाने पुढची ओळ म्हटली. चालीत म्हटली, डुकरांसकट.

प्रधान छताकडे बघू लागला.

हुनिद म्हणाली, "नावेत दोघं मावाल, महाराज. वल्ही मात्र नाहीत."

राजा आधी लाल झाला. मग पोट धरून इतका हसला, की सिंहासनावरून घसरला. त्याने मठातले साधू बोलावले आणि ते गाणं वासराच्या कातड्यावर लिहायला लावलं, खोपटासकट. मेदिरला शेकोटीजवळचं आसन दिलं. हुनिदला काय हवं विचारलं, तर तिने एक दुभती गाय मागितली. राजाने दोन दिल्या.