भ्यालेल्या हरिणीचा रवंथ

सागाच्या एका दाट रानात चितळांचा कळप राहत असे. मुलांनो, चितळांची जेवायची रीत आपल्याहून निराळी. उघड्यावर बिबट्याचे भय, म्हणून तिथे गवत भराभर गिळायचे. मग सावलीत बसून तेच पुन्हा तोंडात आणायचे आणि सावकाश चावायचे. यालाच रवंथ म्हणतात. कळप रवंथ करीत बसला की झाडावरचा म्हातारा वानर राखण करी.

त्या कळपातली एक हरिणी मात्र कधी बसत नसे. तिचे पहिले पाडस बिबट्याने नेले होते आणि दुसरे आता तिच्या पायांशी होते. पान हलले तरी तिच्या काळजात धस्स होई.

म्हातारी हरिणी म्हणे, "अगं पोरी, टेक जरा. गवत तसंच पडलंय तुझ्या पोटात."

"पोट भरलंय ना आजी? मग झालं."

"भरलंय गं, पण जिरलंय कुठं?"

वरून वानर म्हणाला, "आणि मी काय इथं झोपा काढतोय?"

"रागावू नका आजोबा, पण पाडस माझं आहे," असे म्हणून ती कान टवकारून उभीच राहिली.

होता होता तिचे पोट टम्म फुगले आणि बरगड्या मात्र दिसू लागल्या. पाय लटपटू लागले. दूध आटले. भुकेले पाडस ढुशा देऊन देऊन थकले. एका दुपारी आईला उभ्या उभ्याच ग्लानी आली, तसे पाडस कोवळे गवत हुंगत ओढ्याकडे निघाले.

"खॉक्! खॉक्!" वानर ओरडला.

हरिणीने डोळे उघडले. ओढ्याकाठच्या गवतातून एक ठिपक्यांची पाठ जमिनीलगत सरकत होती आणि पाडस तिकडेच चालले होते. हरिणी झेपावली, पण पाय मुडपले आणि ती तोंडावर पडली.

तोच म्हातारी हरिणी तिच्या अंगावरून उडी मारून गेली आणि पाडसाला ढकलत कळपात घेऊन आली. आपण साऱ्यांना दिसलो, हे पाहून बिबट्या मुकाट्याने मागे फिरला.

"आजी, या वयात एवढं बळ कुठून आणलंस?" हरिणीने रडत विचारले.

"बसून चावलेल्या गवतातून, पोरी. तू खातेस तेच गवत."

हरिणी खाली बसली. डोळे अजून ओढ्याकडेच होते. भीती काही गेली नव्हती. पण तिचा जबडा हळूहळू हलू लागला. वानर एक फांदी खाली सरकून तिच्या अगदी डोक्यावर येऊन बसला. पुढे दूध उतरले, तेव्हा पाडसाची शेपटी थांबता थांबेना.

तात्पर्य : पोटात गेलेले सगळेच अन्न अंगी लागत नाही, स्वस्थ बसून, नीट चावून खाल्लेले आणि पचलेले अन्नच बळ देते.