तोंड बंद, यंत्र सुरू

एकदा एका वृद्ध गुरूने आपल्या सर्वांत हुशार शिष्याच्या तोंडाला चिकटपट्टी लावली. भर सकाळी, गिऱ्हाइकाच्या गोदामात, आणि पट्टीही गिऱ्हाइकाच्याच खोक्यातली.

संगणकाच्या खोलीत लोक चपला काढून जात, त्या काळातली ही गोष्ट. गुरू म्हणजे शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले एक मास्तर. त्या वयात माणसाने नातवंडे सांभाळावीत. यांनी कंपनी काढली. संगणकाने काय करायचे ते लिहून विकायचे, हा धंदा. विद्वान त्याला आज्ञावली म्हणतात, इतर जन प्रोग्रॅम म्हणतात आणि तेव्हाचे शेजारीपाजारी ‘मास्तरांचे खूळ’ म्हणत. भाड्याची एक खोली, चार माणसे, आणि विकला गेलेला प्रोग्रॅम एकही नाही.

शिष्याने या खुळापायी बँकेतली नोकरी सोडली होती. तेव्हापासून वडील त्याच्याशी बोलत नव्हते. “त्याला म्हणावं, जेवायला बस,” एवढाच संवाद, तोही आईच्या मार्फत. अशात औषधांच्या एका घाऊक व्यापाऱ्याला त्याचा प्रोग्रॅम पसंत पडला. कोणते औषध कोणत्या कपाटात आहे आणि कोणाची मुदत संपत आली आहे, हे तो क्षणात सांगे. शेठची अट एकच होती: गोदाम सांभाळणाऱ्या अनसूयाबाई दिवसभर तो चालवतील, आणि पाच वाजता शेठ हो किंवा नाही सांगतील. नाही म्हणाले तर महिनाअखेर खोलीला कुलूप, हे चौघांनाही ठाऊक होते.

शिष्य मात्र निश्चिंत होता. “मी बाईंच्या शेजारी उभाच आहे की!” तो म्हणाला.

“ओठाला काय लागलंय रे तुझ्या? बघू,” असे म्हणून मास्तर जवळ आले आणि चप्पकन पट्टी बसली.

शिष्याचे डोळे बशीएवढे झाले.

“पाच वाजेपर्यंत पट्टीला हात लावायचा नाही. खाणाखुणाही नाहीत. हात खिशात,” मास्तर त्याच्या कानाशी म्हणाले. “नाहीतर शेठ हो म्हणाले तरी मी नाही म्हणेन. माझा स्वभाव तुला माहीत आहे.”

तेवढ्यात शेठ आले. “याला काय झालं?”

“दाढ,” मास्तरांनी सांगितले.

यंत्राला हार घातला होता, समोर नारळ फोडला होता. अनसूयाबाईंनी हात जोडले, पदर खोचला आणि खुर्चीवर बसल्या. तीस वर्षे त्या गोदामात होत्या. डोळे मिटून कुठलीही बाटली काढून देत. यंत्राने विचारले, औषधाचे नाव? बाईंनी एकेक अक्षर शोधून लिहिले: खोकल्याचं लाल.

गोदामात त्या औषधाला सगळे हेच म्हणत. बाटलीवर छापलेले लांबलचक नाव कंपनीखेरीज कुणी घेत नसे. ते छापील नावच लिहावे लागते, हे शिष्य नेहमी हसतहसत तोंडी सांगे. आज तोंड बंद होते.

पडद्यावर उमटले: चूक सतरा.

“बरं बाई,” म्हणत अनसूयाबाई उठल्या आणि सतरा नंबरच्या कपाटातून कानात घालायच्या थेंबांची बाटली घेऊन आल्या. “हे देऊ का खोकल्याला?”

शिष्याच्या घशातून एक आवाज निघाला. गाय अडल्यावर काढते तसा.

“फारच ठणकतेय वाटतं,” शेठ हळहळले आणि लवंगेचे तेल आणायला धावले.

असे करतकरत बाईंनी स्वतःच्या बुद्धीने वाट काढली. बाटल्यांवरची नावे वाचून वाचून त्यांनी दुपारपर्यंत नव्वद नोंदी केल्या. शिष्याच्या जिवात जीव आला. एक वाजता बाई जेवायला उठल्या. दिवा मालवला, पंखा थांबवला, आणि बाहेर पडताना भिंतीवरचे तिसरे बटणही खट्कन बंद केले. खोली सोडताना सगळी बटणे बंद करायची, हा शेठचाच नियम. तीस वर्षांत त्यांनी तो एकदाही मोडला नव्हता.

नव्वदच्या नव्वद नोंदी गेल्या.

शिष्य मटकन खोक्यावर बसला. “बटण बंद करू नका,” हे चार शब्द. तेवढे उच्चारता आले असते तर कंपनी वाचली असती! त्याने मास्तरांकडे पाहिले. मास्तर डबा उघडून शांतपणे थालीपीठ खात होते. या म्हाताऱ्याला वेड लागले आहे, की तो मुद्दामच आपला गळा कापतो आहे, हे त्याला कळेना.

पाच वाजता शेठ लाल झाले होते. “मास्तर, परवा तुमच्या खोलीवर हेच यंत्र कसं भराभर चालत होतं! आज काय झालं त्याला?”

“परवा हा बोलत होता,” मास्तर म्हणाले, आणि त्यांनी शिष्याची पट्टी सर्रकन ओढली. थोड्या मिशाही गेल्या.

“तुम्ही बुडवलंत आपल्याला!” हा पट्टी निघाल्यावरचा शिष्याचा पहिला शब्द.

“विद्वाना, जरा ऐक. तू अर्धा प्रोग्रॅम या पेटीत लिहिलास आणि अर्धा जिभेवर ठेवलास. शेठ विकत घेणार ती पेटी. तुझी जीभ रात्री तुझ्या घरी जेवायला जाणार. उद्या शंभर गोदामांत शंभर पेट्या गेल्या, तर शंभर जिभा कुठून आणशील? जिथे आपण नसू तिथे जे चालतं, तेवढंच आपण केलेलं. बाकीची आपली बडबड.”

शिष्य गप्प झाला. या वेळी पट्टीशिवाय.

अनसूयाबाई मध्येच म्हणाल्या, “शेठ, यंत्र वाईट नाही हो. त्याला माणसांत राहायची सवय नाही एवढंच.”

शेठनी मास्तरांकडे निरखून पाहिले. “विकायला आलेल्या माणसानं स्वतःचा माल माझ्यासमोर बुडू दिला, असं मी जन्मात पाहिलं नाही. आठ दिवस देतो. नवव्या दिवशी पुन्हा परीक्षा.”

ते आठ दिवस शिष्य गोदामातच बसून होता. बोलत नव्हता, विचारत होता. “काकू, याला तुम्ही काय म्हणता?” खोकल्याचं लाल, पोटाचं गुलाबी, म्हातारपणाच्या गोळ्या: सगळी नावे त्याने पेटीत घातली. चूक सतरा जाऊन तिथे ‘हे नाव सापडत नाही, बाटलीवरचे पाहून लिहा’ असे वाक्य आले. प्रत्येक नोंद लिहिताक्षणी जपून ठेवली जाऊ लागली. मग बटण काय, वीज गेली तरी बेहत्तर.

नवव्या दिवशी तो सकाळीच गोदामाकडे निघाला, तर मास्तर दारात आडवे.

“कुठे?”

“आज परीक्षा ना!”

“पेटीची. तुझी नव्हे. बस इथे, फोनपाशी.”

शिष्याला पुन्हा धक्का. पण बसला. दहा वाजले, फोन नाही. बारा वाजले. त्याने दोनदा रिसीव्हर उचलून तो चालू आहे ना ते पाहिले. एक वाजता बाई जेवायला उठल्या असतील, या विचाराने त्याला घाम फुटला. तीनपर्यंत त्याची खात्री पटली, की यंत्र त्यांनी रस्त्यावर फेकून दिले.

“अडलं असतं तर विचारलं नसतं का त्यांनी?” तो रडवेला होऊन म्हणाला.

मास्तर पुस्तकातून मान वर न करता म्हणाले, “तूच विचार कर.”

साडेपाचला फोन वाजला. शेठ होते. “मागणीपत्र उद्या पाठवतो. दुसऱ्या गोदामासाठीही एक हवीय. नुसती पेटी धाडा, तुमच्याकडून कुणी यायची गरज नाही.”

शिष्याने फोन ठेवला. “कुणी यायची गरज नाही म्हणाले,” तो पडेल आवाजात म्हणाला. आठ दिवस राबलेल्या माणसाचे नावही कुणी काढले नव्हते.

मास्तरांनी पुस्तकाचे पान उलटले.

थोड्या वेळाने शिष्य स्वतःशीच पुन्हा म्हणाला, “कुणी यायची गरज नाही म्हणाले!” वाक्य तेच होते. या खेपेस मात्र तो हसत होता.

वाचकहो, आपल्यावाचून घरातले आणि कचेरीतले पान हलत नाही, असे ज्यांना अभिमानाने वाटते, त्यांनी एक दिवस तोंडाला पट्टी लावून पाहावी.