पाया माळ्यावर

“मी घसा फोडून सांगत होते, कोठीची मांडणी उलटी आहे म्हणून. कुणी खरं मानलं? म्हणाले, बाई बडबडते. आता घ्या, महाराजच उकिरड्यात!”

भर दरबारात गोजराबाई असं बोलली आणि सगळे दरबारी माना खाली घालून हसू गिळू लागले. महाराज भुजंगरावांना मात्र हसू येण्यासारखं काही नव्हतं. त्यांच्या पागोट्याला अजून शेण होतं.

झालं होतं ते असं. सकाळी स्वारी शिकारीला निघाली. घोड्यांचा हरभरा सरकारी कोठीतून वेळेवर आलाच नाही, म्हणून महाराजांची लाडकी घोडी हरणी उपाशीच निघाली. वेशीजवळ उकिरड्याच्या कडेला तिला कडब्याची पेंढी दिसली. तिनं मान खाली घातली आणि महाराज त्या मानेवरून घसरत थेट उकिरड्यात गेले. पेंढी संपेपर्यंत हरणीनं वर बघितलंसुद्धा नाही.

“जिच्या नाहीतर ज्याच्या पायी घोडी उपाशी राहिली,” महाराज गरजले, “त्यानं महिनाभर पागेतली लीद काढायची. टोपली डोक्यावर घेऊन. मग तो कुणी का असेना! दवंडीवाल्याला बसवून ठेवा. नाव कळलं की गावभर पिटायचं.”

“नाव तयार आहे, महाराज.” कोठावळे शिदोजीराव पुढं सरसावले. त्यांच्याजवळ दोनच गोष्टी होत्या, कोठीच्या किल्ल्या आणि पोट. “ही गोजरा. मागणी येईल तसा माल काढून द्यायचं काम हिचं. हिचा हात चालत नाही, तोंड चालतं.”

“हात चालायला वाट नको?” गोजराबाई म्हणाली. “दारातच महाराजांच्या अत्तराच्या पेट्या आणि चांदीची ताटं. ती लागतात दिवाळीला. रोज लागणारा हरभरा पार मागच्या भिंतीला, आणि त्या पोत्यांच्या उरावर महाराजांचे तांब्याचे हंडे. एक पोतं काढायचं तर आधी हंडे उतरवा. वजनानं खालची पोती फुटतात, ती वेगळी. मी बाई आहे, मारुती नाही.”

“मांडणी मानाप्रमाणं आहे,” शिदोजीराव म्हणाले. “महाराजांचं पुढं आणि वर. घोड्याचं मागं आणि खाली. हुकूमच आहे तसा.”

“आणि तो मोडायचा नाही,” महाराज म्हणाले. “ऐक गोजराबाई. उद्या सकाळचा नगारा सुरू होऊन थांबायच्या आत पागा, मुदपाकखाना आणि पहारा, तिन्हीकडं माल पोचला पाहिजे. मांडणी मानाप्रमाणंच हवी. नाही जमलं तर टोपली तुझ्या डोक्यावर.”

“आणि जमलं तर?”

“तर दोष दुसऱ्याचा, टोपली दुसऱ्याची. शिवाय मागशील ते देईन.”

“मागनं शब्द फिरवायचा नाही.”

“बाई, राजाशी बोलतेयस तू.”

“म्हणून तर विचारून घेतलं.”

दुपारी गोजराबाईनं आपल्या दोन्ही जावांना हाताशी घेतलं आणि कोठीतून धुळीचे लोट निघाले. अत्तराच्या पेट्या आणि ताटं गेली मागच्या भिंतीला, चौरंगावर. हंडे उतरले जमिनीवर. हरभरा, पीठ, मीठ, मिरची आली दाराशी. पोत्यांची थप्पी लावली ती एक थर आडवा, एक उभा, तोंडं सगळी आतल्या बाजूला. धाकटी जाऊ थप्पीवर चढून नाचली तरी पोतं हललं नाही.

शिदोजीरावांनी दारातून हे पाहिलं आणि खुशीत हात चोळले. “मोडलीस ना मांडणी? आता लीद काढ!”

सकाळी नगारा सुरू झाला. गाडी दाराला लागली. गोजराबाईनं आधी पहाऱ्याचं पीठ चढवलं, मग मुदपाकखान्याचा माल, आणि घोड्यांचा हरभरा सगळ्यात शेवटी.

“अगं, पागा पहिली आहे,” शिदोजीराव ओरडले.

“वाटेत पागा पहिली लागते म्हणूनच. आधी उतरवायचं ते शेवटी चढवायचं. नाहीतर घोड्यांसमोर सगळी गाडी उपसत बसा!”

गाडी रिकामी होऊन परत आली तरी नगारा वाजतच होता. वाजवणाऱ्याचेच हात भरून आले.

महाराज कोठीत आले. आत बघताच त्यांचे डोळे तांबडे झाले. “माझं मागं? घोड्याचं माझ्या पुढं?”

“महाराज, स्वारी निघते तेव्हा सगळ्यात पुढं कोण चालतं?”

“तुतारीवाला.”

“आणि आपण?”

“मागं. हत्तीवर.”

“मग तुतारीवाला आपल्यापेक्षा मोठा झाला का?”

महाराजांनी मिशी चावली. “ते असू दे. माझे हंडे खाली कसे?”

“या राज्याचा पाया कोण, महाराज?”

“मी! आणखी कोण?”

“मग पाया कुणी माळ्यावर ठेवतं?”

महाराजांच्या ओठाचा कोपरा हलला. तो आवरून ते शिदोजीरावांकडं वळले. “म्हणजे घोडी उपाशी ठेवली ती तुम्ही.”

“मी फक्त हुकूम पाळला, महाराज.” शिदोजीरावांनी किल्ल्या पोटाशी धरल्या.

“कुणाचा हुकूम?”

शिदोजीराव आढ्याकडं बघू लागले. आढ्याला बोलता येईना, म्हणून गोजराबाई बोलली.

“राज्याभिषेकाच्या दिवशी झाला होता. भर मांडवात. ‘माझं सगळं पुढं आणि माझं सगळं वर.’ मी पंगतीचे द्रोण उचलत होते, चांगलं ऐकलंय.”

मग महाराज जे हसत सुटले, ते पागोटं हरभऱ्यात पडलं तरी थांबेनात. “माग बाई, काय हवं ते माग.”

“किल्ल्या द्या. शिदोजीराव उद्यापासून पोती उचलतील. पोट त्यांच्याकडंच राहू दे.”

किल्ल्या तिच्या पदराला बांधल्या गेल्या. दवंडीवाला कालपासून बसून कंटाळला होता. त्यानं हळूच विचारलं, “महाराज, ते दवंडीचं काय करू? राहू दे का?”

महाराजांनी गोजराबाईकडं पाहिलं. तिनं कोपऱ्यातली कोरी टोपली झटकून पुढं केली होती.

“पिट,” महाराज म्हणाले.

दवंडीवाला चावडीसमोर गेला, डफावर थाप मारली, दोनदा खाकरला.

“ऐका हो ऐका! हरणी घोडी उपाशी ठेवल्याच्या दोषावरून आजपासून महिनाभर पागेतली लीद काढणार, श्रीमंत महाराज भुजंगराव!”